सिनेमे आणि गाणी लावून गेमचा कन्सोल झिजतो का? दर उन्हाळ्यात अटकणाऱ्या डिस्कची तपासणी

एप्रिलचा दुसरा आठवडा उलटला की अमळनेरच्या माझ्या दुरुस्तीच्या टेबलावर एकाच तक्रारीचे कन्सोल येऊ लागतात. सिनेमा मध्यंतरापर्यंत सुरळीत चालतो, मग चित्रावर चौकोन उमटतात, आवाज तुटक होतो, आतून डिस्क फिरून थांबल्याचा आणि पुन्हा फिरल्याचा आवाज येतो आणि अखेरीस डिस्क वाचता येत नसल्याची पाटी पडद्यावर येते. यंत्र तासभर बंद ठेवले की तीच डिस्क विनातक्रार चालते, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा तेच रडगाणे. कन्सोल आणणाऱ्याने निदान बहुधा घरीच केलेले असते. पारोळ्याहून आलेल्या एका काकांनी तर पिशवी टेबलावर टेकवण्याआधीच विचारले, "भाऊ, पिच्चर देखी देखीसन बिघडी गयं का हाई?" ज्या मुलाच्या गेमसाठी ते यंत्र घेतले होते तो मागे उभा होता, आणि त्याच्या चेहऱ्यावरून या विषयावर घरात बरीच बोलाचाली झालेली दिसत होती.

प्रश्न रास्त आहे. ड्राइव्ह हा कन्सोलमधला हलणारा भाग आहे आणि हलणारी वस्तू झिजते, त्यामुळे सिनेमाने काहीच होत नाही असे सांगणे खोटे ठरेल. मात्र तासाला तास असा हिशेब मांडला तर सिनेमा आणि गाणी ड्राइव्हला गेमपेक्षा सौम्य पडतात, आणि आपल्या भागात दर वर्षी त्याच महिन्यांत परतणारा हा बिघाड झिजेचा कमी आणि उष्णता, धूळ व डिस्कचा दर्जा यांचा अधिक असतो. हे मला दोन लेन्स विनाकारण बदलल्यानंतर समजले.

त्या दोन लेन्स आमच्या घरच्याच जुन्या कन्सोलच्या होत्या. लेन्स हा शब्द आम्ही दुरुस्तीवाले संपूर्ण पिकअपसाठी वापरतो. त्यात लेझर, प्रत्यक्ष भिंग, ते भिंग हलवणारी कॉइल आणि परतलेला प्रकाश वाचणारा भाग असे सगळे येते. पहिल्या मे महिन्यात सिनेमे अटकू लागले तेव्हा मी लेन्स बदलली. नवी लेन्स बसवली आणि दोन आठवड्यांत पाऊस आला, यंत्र छान चालू लागले, आणि मी समाधानी झालो. पुढच्या मे महिन्यात तेच घडले तेव्हा आप्पा म्हणाले की रोज सिनेमे लावल्यावर दुसरे काय होणार. मी मुकाट्याने दुसरी लेन्स घातली. तिसऱ्या वर्षी, डिसेंबरात, एका गिऱ्हाइकाचे यंत्र तपासायला हाताशी चालू लेन्स नव्हती म्हणून ड्रॉवरमध्ये पडलेली, मीच 'गेलेली' ठरवलेली ती पहिली लेन्स तात्पुरती बसवून पाहिली. तिच्यावर अडीच तासांचा सिनेमा एकदाही न अडखळता चालला. लेन्स मेलेली नव्हतीच. मे महिन्यातल्या दुपारी आमच्या पुढच्या खोलीतल्या काचेच्या शोकेसमध्ये ती काम करू शकत नव्हती, इतकेच.

आता ड्राइव्हमध्ये नेमके काय घडते ते पाहू, कारण तपासणीच्या सगळ्या खुणा त्यातूनच निघतात. डिस्क ग्रामोफोनच्या तबकडीच्या उलट, आतून बाहेर वाचली जाते. लेन्सखालून जाणाऱ्या मार्गाचा वेग सारखा राहावा म्हणून गाण्यांची सीडी आतल्या कडेला मिनिटाला सुमारे ५०० फेरे घेते आणि बाहेर पोचेपर्यंत ती २०० च्या आसपास मंदावते. सिनेमाची डीव्हीडी तिच्या मूळ वेगाने आतल्या बाजूस मिनिटाला साधारण १,४०० फेऱ्यांनी फिरते आणि बाहेर ६०० च्या जवळ येते. गेम मात्र जितका वेग मिळेल तितका मागतो. प्लेस्टेशन २ चा ड्राइव्ह डीव्हीडीला मूळ वेगाच्या चौपटीपर्यंत आणि सीडीला चोवीसपटीपर्यंत पळवू शकतो, आणि ही क्षमता गेम लवकर उघडावा यासाठी आहे. शिवाय सिनेमाचा डेटा एका ओळीत मांडलेला असल्याने लेन्स गोगलगायीच्या चालीने आतून बाहेर सरकते, तर गेममध्ये नकाशा एकीकडे, आवाज दुसरीकडे, पात्रे तिसरीकडे असल्याने ती एका मिनिटात अनेकदा पुढे-मागे धावते. लेन्स ज्या दांड्यांवरून सरकते त्या दांड्या, तिला ढकलणारे प्लॅस्टिकचे दातेरी चाक आणि त्यांवरचे ग्रीस यांची खरी झीज या धावपळीत होते.

सिनेमाच्या विरोधात एकच गोष्ट जाते, आणि ती लहान नाही: सिनेमा चालू असताना लेझर जवळजवळ अखंड पेटलेला असतो. गेमची पातळी एकदा मेमरीत आली की जुन्या यंत्रांतही ड्राइव्हला काही मिनिटे विश्रांती मिळते. तीन तासांच्या हिंदी सिनेमाला तशी उसंत नसते. तरीही आठवड्याला दोन सिनेमे धरले तर वर्षाला सुमारे तीनशे तास होतात, आणि रोज दोन तास खेळणाऱ्या मुलाचे सातशेच्या वर जातात. त्यात एक तिसरा हिशेब कोणी धरत नाही. सिनेमा संपल्यावर डीव्हीडीचा मेन्यू त्याच त्या संगीतासह गोल गोल चालू राहतो, घरचे जेवायला बसतात, टीव्ही तेवढा बंद होतो आणि कन्सोल पहाटेपर्यंत तसाच फिरत राहतो. पॉज करून ठेवलेल्या सिनेमाचेही तेच; पडद्यावर चित्र थांबलेले असले तरी डिस्क बराच काळ फिरत राहू शकते. आमच्याकडच्या यंत्राचे असे वाया गेलेले तास सिनेमांच्या तासांपेक्षा जास्त निघाले असते, याबद्दल मला शंका नाही.

नव्या यंत्रांत हे गणित उलटते. २०१३ साली आलेल्या प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन या दोन्हींत गेम आधी हार्ड डिस्कवर उतरतो आणि नंतर डिस्क केवळ ती तुमच्याकडे आहे हे दाखवण्यापुरती लागते. अशा यंत्रावर ड्राइव्ह झिजला तर तो सिनेमानेच झिजणार, कारण गेम त्याला फारसा हातच लावत नाही. त्यामुळे मोठ्या भावाच्या जुन्या कन्सोलवरून धाकट्याच्या नव्या कन्सोलबद्दल निष्कर्ष काढू नयेत. गाण्यांचा प्रश्न तर प्लेस्टेशन ४ आणि ५ यांवर मुळातच उरत नाही. ही यंत्रे गाण्यांची सीडी वाजवतच नाहीत. एका गृहस्थांनी जुनी भावगीतांची सीडी घालून नव्या यंत्राचा ड्राइव्ह बिघडल्याची तक्रार केली होती, तेव्हा हे सांगावे लागले.

अशाच प्रकारची, पण आपल्या भागात फार वेळा होणारी फसगत व्हीसीडीची आहे. अहिराणी गाणी आणि विनोदी चित्रफिती कैक वर्षे व्हीसीडीवरच विकल्या गेल्या आणि लग्नाचे चित्रीकरणही त्यावरच मिळे. व्हीसीडी दिसायला सीडीसारखी असली तरी प्लेस्टेशन २ ती मुळातून वाजवू शकत नाही. डीव्हीडी चालते, गाण्यांची सीडी चालते आणि लग्नाची डिस्क तेवढी चालत नाही, असे असेल तर यंत्र उघडण्याचे कारण नाही. आखातातून आणलेल्या यंत्राबाबत आणखी एक बघावे. डीव्हीडीच्या विभागणीत भारत पाचव्या विभागात आणि आखाती देश दुसऱ्यात येतात, त्यामुळे तिकडच्या यंत्रावर इकडची विभाग-बंधन असलेली डिस्क नाकारली जाते. हा नकार डिस्क घालताच येतो. मध्यंतराला येत नाही.

खऱ्या बिघाडाचा माग काढताना डिस्क केव्हा आणि कुठे अटकते हे आधी लिहून काढावे. यंत्र सुरू केल्यावर लगेच चालते आणि तीस-चाळीस मिनिटांनी अडखळते, थंड झाल्यावर पुन्हा चालते, तर उष्णतेकडे बोट दाखवावे. याउलट सुरुवातीला डिस्क ओळखत नाही आणि दोन-तीनदा झाकण उघडझाप केल्यावर ओळखते, तर भिंगावर धुळीचा थर असण्याचा किंवा ग्रीस घट्ट झाल्याचा संभव अधिक. गाण्यांच्या प्रत्येक सीडीची शेवटची दोन-तीन गाणीच तुटत असतील तर लेन्स बाहेरच्या कडेला पोचताना अडते आहे, म्हणजे दांडी, दातेरी चाक किंवा ग्रीस पाहावे. सगळ्याच दुहेरी थराच्या डीव्हीडी साधारण मध्यावर अडकतात आणि एकेरी थराच्या नीट चालतात, तर लेझर अशक्त होत आहे असे समजावे, कारण ८.५ जीबीच्या अशा डिस्कवर एका थरावरून दुसऱ्या थरावर उडी मारताना त्याला नव्याने नेम धरावा लागतो आणि तिचे थर ४.७ जीबीच्या एकेरी डिस्कपेक्षा कमी प्रकाश परत पाठवतात. मध्यंतराला सिनेमा अटकण्याचे हे दुसरे कारण आहे, आणि उष्णतेशी त्याची गल्लत सहज होते. ती टाळण्याचा उपाय सोपा आहे: यंत्र थंड असताना सिनेमा थेट मध्यापासून लावावा. तेव्हाही तिथेच अटकला तर दोष थराच्या उडीत आहे, आणि सरळ पुढे गेला तर उष्णतेत.

आणखी एक चाचणी मला फार उपयोगी वाटते. सीडी वाचायला ७८० नॅनोमीटरचा, डीव्हीडीला ६५० चा आणि ब्लू-रेला ४०५ चा असे वेगवेगळ्या तरंगलांबीचे लेझर लागतात. प्लेस्टेशन २ वर निळसर पाठीचे सीडीवरचे गेम चालतात आणि रुपेरी पाठीचे डीव्हीडीवरचे गेम चालत नाहीत, किंवा याउलट घडते, तर मोटर, ग्रीस आणि पट्टा यांना दोषातून मोकळे करावे. एक लेझर थकला आहे. सगळेच प्रकार सारखे अडखळत असतील तर लेझर थकण्यापेक्षा भिंग मळण्याची किंवा मोटर सैल होण्याची शक्यता जास्त.

आता उन्हाळ्याकडे येऊ. कन्सोलच्या माहितीपुस्तिकेत, उदाहरणार्थ प्लेस्टेशन ४ च्या, यंत्र ५ ते ३५ अंश सेल्सिअस तापमानात वापरावे असे छापलेले असते. जळगाव-भुसावळकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा ४४-४५ वर जातो आणि पत्र्याच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या स्लॅबखालच्या खोलीत रात्री नऊ वाजताही ३५ च्या खाली येत नाही. म्हणजे जे यंत्र ३५ अंशांपर्यंत चालवावे असे बनवणाराच सांगतो, ते आपण दोन महिने त्या मर्यादेबाहेर चालवतो, तेही काचेच्या शोकेसमध्ये, सेट-टॉप बॉक्सवर ठेवून, वर क्रोशाचा रुमाल घालून. लेझर तापला की तेवढाच प्रकाश देण्यासाठी त्याला जास्त करंट लागतो, जास्त करंटने तो आणखी तापतो, आणि एका टप्प्यावर परतणारा प्रकाश वाचण्यास पुरेनासा होतो. नव्या लेन्सजवळ थोडी शिल्लक ताकद असते म्हणून ती एक-दोन उन्हाळे सोसते. उष्णता आणि ड्राइव्ह यांचे हे वैर जुनेच आहे. १९९४ साली जपानात आलेल्या पहिल्या प्लेस्टेशनच्या आरंभीच्या नमुन्यांत लेन्स वीजपुरवठ्याच्या भागाजवळ, प्लॅस्टिकच्या गाड्यावर बसवलेली होती, आणि ती तापून-झिजून चित्रे अडखळू लागल्यावर लोक यंत्र चक्क उलटे ठेवून चालवत.

आमच्या शोकेसमधल्या यंत्राचे झाकण मी तिसऱ्या वर्षी प्रथमच नीट उघडले, कारण तोपर्यंत मी केवळ ड्राइव्हच उघडत होतो. हीट सिंकच्या, म्हणजे चिपची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या भागाच्या, पात्यांत मला धूळ अपेक्षित होती. प्रत्यक्षात तिथे करड्या रंगाची, बोटाच्या पेराएवढी जाड गादी बसली होती, आणि चिमट्याने ओढली तेव्हा ती एकसंध, नमद्याच्या तुकड्यासारखी बाहेर आली. तो कापूस होता. आमच्याकडे वेचणी झाल्यावर भाव वाढेल या आशेने कापूस दिवाळीपासून कधी होळीपर्यंत पुढच्या खोलीत छतापर्यंत रचलेला असतो. त्या खोलीत टीव्ही असतो, टीव्हीखाली कन्सोल असतो, आणि कन्सोलचा पंखा चार महिने त्या खोलीतली हवा ओढत असतो. मार्चमध्ये कापूस गाडीत भरून जातो आणि अंगाची खाज थांबते, पण पंख्याने ओढलेले तूस आतच राहते आणि एप्रिलपासून त्याचा परिणाम दिसू लागतो. ही गादी काढली, चिप आणि हीट सिंक यांच्यामधली उष्णता वाहून नेणारी थर्मल पेस्ट बदलली आणि कन्सोल शोकेसबाहेर उघड्या फळीवर ठेवला, तेव्हा त्या मे महिन्यात सिनेमा अटकला नाही. लेन्स तीच दुसऱ्या वर्षीची होती.

कूलरबद्दल लोक हमखास चुकतात. यंत्र तापते म्हणून कूलरचा झोत थेट त्यावर सोडणारी घरे मी पाहिली आहेत. ती हवा थंड असते हे खरे, परंतु ती दमट असते, आणि वाळ्याच्या ताट्यांतून येताना बारीक कचरा आणते. दमट हवेतली धूळ भिंगावर चिकटते आणि सुकल्यावर ब्रशने निघत नाही. यंत्र झोताच्या बाजूला, भिंतीपासून वीतभर अंतरावर असावे.

भिंग साफ करण्यासाठी शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कानातला कापसाचा बोळा एवढेच पुरते. बोळा ओला नव्हे, ओलसर करावा, भिंगावर स्वतःच्या वजनाने टेकवून हलकेच फिरवावा आणि दाब देऊ नये, कारण भिंग केसासारख्या तारांवर तरंगत असते. थिनर किंवा नेलपॉलिश काढायचे द्रव लावल्यास प्लॅस्टिकचे भिंग पांढुरके होऊन कायमचे वाया जाते. सॅनिटायझरमधले सुगंध आणि ग्लिसरीन मागे थर ठेवतात. दांड्यांवरचे जुने, काळे पडलेले ग्रीस पुसून त्यावर प्लॅस्टिकला चालणारे पांढरे ग्रीस अगदी थोडे लावावे. शिवणयंत्राचे तेल ओघळून भिंगापर्यंत पोचते.

प्रीसेट फिरवण्याबद्दल मात्र मला जरा ठामपणे बोलायचे आहे. लेन्सच्या पट्टीवर स्क्रूसारखा एक बारीक प्रीसेट असतो आणि तो किंचित फिरवला की लेझरचा करंट वाढतो, अटकलेली डिस्क लगेच चालू लागते आणि गिऱ्हाईक पैसे देऊन आनंदाने जाते. त्या लेझरचे उरलेले आयुष्य त्याच क्षणी झपाट्याने कमी होते. भिंग न पुसता, पंखा न पाहता कोणी पहिला हात प्रीसेटला घातला तर यंत्र परत पिशवीत घालावे. वर्षानुवर्षे सिनेमे पाहूनही जे नुकसान झाले नसते ते या पाव फेऱ्यात होते, आणि सहा महिन्यांनी दोष पुन्हा सिनेमांवरच येतो.

डिस्कचा दर्जा हाही असाच दुर्लक्षित भाग आहे. कारखान्यात छापलेली डिस्क प्रकाश चांगला परत पाठवते. घरी किंवा दुकानात लिहिलेली डिस्क साधारण त्याहून मंद असते, आणि पुसून पुन्हा लिहिता येणारी तर फारच मंद. जत्रेत वीस रुपयांना मिळालेली 'पाच सिनेमे एकात' अशी डिस्क लावली की लेन्स पुन्हा पुन्हा नेम धरत राहते, ड्राइव्ह थांबतो, मागे जातो, परत वाचतो. सिनेमाचा जो सौम्यपणा वर सांगितला तो इथे उरत नाही. डिस्कवर कागदी लेबल चिकटवले असेल तर ती एका बाजूला जड होऊन थरथरते आणि मोटरच्या बेअरिंगला ओरखडे पडतात. चिरांवर टूथपेस्ट चोळण्याचा उपाय लोक करतात. मी करत नाही. डिस्क पुसायची तर मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ रेषेत पुसावी, कारण गोल पुसताना पडलेली चीर त्याच मार्गावर लांबवर पसरते आणि यंत्राला ती भरून काढता येत नाही. फिरत असलेल्या डिस्कसकट यंत्र उचलू किंवा उभे-आडवे करू नये. डिस्कवर कंपासने काढल्यासारखी गोल खाच पडते आणि ती डिस्क संपते.

विजेबद्दल थोडक्यात: गावाकडे दाब उतरत-चढत असेल तर चांगला स्टॅबिलायझर असावा आणि वीज गेल्यावर कन्सोल मेनमधून बंद करावा, कारण परत येतानाचा झटका वीजपुरवठ्याच्या भागाला बसतो. सिनेमा अटकण्याशी याचा क्वचितच संबंध असतो.

राहिला प्रश्न असा की सिनेमे कन्सोलवर पाहावेत की नाही. ज्या यंत्राची लेन्स सहज आणि स्वस्तात मिळते, त्यावर मी निःशंक पाहतो. प्लेस्टेशन ३, प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स ३६० यांचा ड्राइव्ह त्याच यंत्राच्या बोर्डाशी जोडी लावून बसवलेला असतो. दुसऱ्या यंत्राचा पूर्ण ड्राइव्ह आणून बसवला तर गेम चालत नाहीत. मूळ ड्राइव्हचा सर्किट बोर्ड राखून आतली लेन्स बदलावी लागते. अशा यंत्राचा ड्राइव्ह जपणे शहाणपणाचे आहे, आणि दिवसभर भजने किंवा गाणी लावण्यासाठी तर ते वापरूच नये. गाणे वाजवायला लागणारे काम नगण्य असते, तरीही त्यासाठी पूर्ण यंत्र जागे राहते, पंखा फिरतो, तूस ओढले जाते. २००६ च्या पहिल्या प्लेस्टेशन ३ चा वीजपुरवठा ३८० वॅटचा होता. आरतीसाठी तेवढे धूड चालू ठेवण्यापेक्षा कपाटावर पडलेला जुना डीव्हीडी प्लेअर खाली काढावा. पारोळ्याच्या काकांनी तेच केले. त्यांच्या कन्सोलमधूनही कापूस निघाला, आमच्याइतका नाही पण निघाला, आणि लेन्स बदलावी लागली नाही.

दुरुस्तीला यंत्र आणताना एक विनंती आहे. जी डिस्क अटकते तीच सोबत आणावी, तिच्याबरोबर विनातक्रार चालणारी एक आणावी, आणि सिनेमा कितव्या मिनिटाला थांबला, तेव्हा दुपार होती की रात्र, हे एका कागदावर लिहून आणावे. पुठ्ठ्याच्या खोक्यात घातलेले नुसते यंत्र माझ्या दुकानातल्या पंख्याखाली सकाळी दहा वाजता हमखास नीट चालते, आणि मग मला ते दुपारी तीन वाजता पत्र्याखाली नेऊन अडीच तासांचा सिनेमा पाहत बसावे लागते.